तलवार म्यान करताना

चिकित्सक : तलवार कशी उपसावी, वार कसा करावा, समोरच्याचा वार कसा चुकवावा, हे कुणी शिकवलं तर मला नवल वाटत नाही. पण तू म्हणतेस की इआइदो या जपानी तलवारविद्येत माणसं तलवार परत म्यानात घालायला वर्षानुवर्षं शिकतात, आणि इथे नगरमध्ये लाठीकाठी शिकायला येणाऱ्या मुलांनाही तुला ते शिकवायचं आहे. मला यात दोन गोष्टी खटकतात. लढाई संपल्यावर तलवार म्यान होते. संपल्यानंतरच्या कामात कसब कसलं? आणि आपल्याकडे मर्दानी खेळांची एवढी मोठी परंपरा आहे. पट्टा, लाठी, फरी-गदका, भाला, विटा, बोथाटी, बनेटी, सगळं आहे. तरी नेमकी ही एकच गोष्ट बाहेरून आणायची गरज का पडावी? आपल्या वस्तादांना जे शिकवावंसं वाटलं नाही, ते बहुधा शिकवण्यासारखं नसावं.

खेळाडू : सर, आधी कृती सांगते, मग कसब आहे की नाही ते तुम्ही ठरवा. काताना, म्हणजे जपानी तलवार, कमरेच्या पट्ट्यात खोचलेली असते, धार वरच्या बाजूला. पातं साधारण 70 सेंटिमीटरचं. वार करून झालाय, आता म्यान करायचं. याला ते नोतो म्हणतात. डावा हात म्यानाच्या तोंडाशी जातो. अंगठा आणि तर्जनी तोंडाच्या काठावर अशी धरायची की दोहोंमध्ये लहानशी खाच तयार व्हावी. उजवा हात पात्याची पाठ, मुठीजवळची, त्या खाचेवर टेकवतो आणि तलवार पुढे नेत जातो. पाठ हातावरून सरकत टोकापर्यंत येते, टोक सुटतं आणि म्यानाच्या तोंडात उतरतं. सगळी परीक्षा या क्षणाची. टोक तुमच्या अंगठ्याच्या बेचक्याला लागून असतं आणि तुम्ही तिकडे पाहायचं नसतं. डोळे समोर, जिथे शत्रू पडला असं धरलंय तिथे. त्यानंतरही उजव्या हाताने तलवार नुसती आत ढकलायची नाही. डाव्या हाताने म्यान आधी मागे ओढलेलं असतं, ते आता पात्यावर चढत पुढे येतं. दोन्ही हात एकमेकांकडे येतात. शेवटची वीतभर जागा सगळ्यात सावकाश, कारण अजूनही कुणी उठून उभं राहू शकतं आणि तेव्हा तलवार पुन्हा बाहेर यायला हवी. उपसताना घाई खपून जाते, निदान पाहणाऱ्याला ती दिसत नाही. म्यान करतानाची घाई थेट स्वतःच्या डाव्या हातावर उमटते.

चिकित्सक : कृती अवघड आहे, हे मान्य. पण अवघड गोष्ट मोलाचीच असते असं नाही. तूच मला दाखवलं होतंस की म्यान करण्याआधी तलवारीला एक झटका देतात, पात्यावरचं रक्त उडून जावं म्हणून. त्याला चिबुरी म्हणतात ना? आता तूच सांग, झटक्याने पोलादावरचं रक्त जातं का? जात नाही. तसंच पातं लाकडी म्यानात घातलं तर म्यान कुजेल आणि पातं गंजेल. खरी लढाई केलेला माणूस कापडाने नाहीतर कागदाने पातं पुसेल आणि मगच आत घालेल. म्हणजे ही कृती रणांगणावरची नाही, ती आखाड्यात घडलेली आहे. इआइचा आद्य पुरुष म्हणून हायाशिझाकी जिन्सुके याचं नाव घेतात, तो सोळाव्या शतकातला. पण या पद्धती रुजल्या, शाखा फुटल्या, त्यांना बारीक नियम आले ते तोकुगावांच्या राजवटीत, 1603 ते 1868. अडीचशेहून अधिक वर्षांची शांतता. कमरेला तलवार आहे आणि ती वापरायची वेळ येत नाही, अशा माणसांनी केलेली ही रचना आहे. मग तीत उरतं काय? चालणं, बसणं, उपसणं आणि परत ठेवणं. काम नसलेल्या हातांनी शिष्टाचाराला विद्या केलं, असं मी म्हटलं तर तू काय उत्तर देशील?

खेळाडू : चिबुरीबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, आणि ते शिकवणारे जाणते लोकही ते नाकारत नाहीत. पण शांततेच्या काळात घडलं म्हणून ते पोकळ, हे मला पटत नाही. उलट मला वाटतं की हा प्रश्न शांततेतच पडू शकतो. युद्ध चालू असताना तलवार बाहेरच असते. रोज कमरेला धारदार पातं लावून बाजारातून, देवळातून, दुसऱ्याच्या घरातून वावरायचं असेल, तेव्हा ते आत कसं राहील आणि बाहेर आलं तर परत कसं जाईल, हा रोजचा प्रश्न होतो. तुम्ही त्याला शिष्टाचार म्हणा. ज्या गावात निम्म्या कमरांना तलवारी आहेत, तिथे शिष्टाचार ही फार वजनदार वस्तू असते.

आणि आजचं म्हणाल, तर आज शिकणारे बहुतेक जण धार नसलेल्या मिश्रधातूच्या तलवारीने शिकतात. शत्रू नाही, रक्त नाही. अखिल जपान केंडो महासंघाने सगळ्यांना समान म्हणून इआइचे जे प्रकार ठरवले, ते आधी सात होते, मग दहा झाले, आता बारा आहेत. या बाराही प्रकारांचा शेवट म्यान करण्याने होतो. म्हणजे सराव करणारा माणूस आयुष्यात एकही खरा वार करत नाही, पण खरं म्यान मात्र हजारो वेळा करतो. वार काल्पनिक, म्यान करणं खरं. मला तरी यात पोकळपणा दिसत नाही.

चिकित्सक : चांगला मुद्दा आहे, पण तो तुझ्या तालमीला लागू होत नाही. आपली तलवार वेगळी, ती बाळगण्याची रीत वेगळी. कातानासारखी ती कमरेत घट्ट खोचलेली नसते. पट्ट्याला दोरीने, वादीने लटकते, धार खाली. डाव्या हातात ढाल. घोड्यावर असलीस तर डाव्या हातात लगामही. तुझी ती अंगठा-तर्जनीची खाच करायला हात मोकळा कुठे आहे? ढाल खांद्यावर सरकवा, म्यान चाचपा, खाली बघा, तलवार घाला. मराठा स्वार हेच करत असणार. त्याला बघायची लाज वाटायचं काही कारण नव्हतं. आणि पट्ट्याचं तर विचारूच नकोस. कोपरापर्यंतचा हात लोखंडी खोबळ्यात, पुढे लांबलचक लवचीक पातं. ते फिरवायचं असतं. खेळात पट्टा संपतो तो हात खोबळ्यातून बाहेर काढल्यावर. 2024 च्या शिवजयंतीला दांडपट्टा महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, तेव्हा मला आनंदच झाला. पण तुझ्या दृष्टीने पाहिलं तर आपलं राज्यशस्त्र हेच मुळी कमरेला लावून शांतपणे वावरण्याचं शस्त्र नाही.

आणखी एक दाखला देतो, आपल्या शेजारचाच. कॅप्टन नोलन नावाचा इंग्रज घोडदळाचा अधिकारी होता, पुढे 1854 मध्ये बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध हल्ल्यात मेला. त्याने 1853 मध्ये घोडदळावर पुस्तक लिहिलं. त्यात निजामाच्या स्वारांची हकिगत आहे. त्यांच्या वारांनी झालेल्या जखमांचा अहवाल वाचून तो थक्क झाला आणि तलवारी कुठल्या म्हणून त्याने चौकशी केली. तर त्या इंग्रजांनीच टाकून दिलेल्या जुन्या तलवारी निघाल्या, आपल्या लोकांनी मुठी बदलून वापरलेल्या! मग त्याने एका म्हाताऱ्या स्वाराला विचारलं की वार कसे करायला शिकवता? म्हातारा म्हणाला, शिकवत काहीच नाही, धारदार तलवार कुणाच्याही हातात कापते. दख्खनच्या स्वाराची ही तलवारविद्या! त्याला तू नोतो शिकवायला निघाली आहेस.

खेळाडू : सर, तुम्ही ती हकिगत अर्ध्यावर सोडलीत. त्या तलवारी एवढ्या का कापत होत्या? इंग्रज शिपाई तीच तलवार पोलादी म्यानात ठेवत असे. प्रत्येक वेळी उपसताना आणि घालताना धार पोलादावर घासायची. कवायतीला, तपासणीला, दर वेळी ती बाहेर यायची. आपल्या स्वारांनी तीच पाती घासून वस्तऱ्यासारखी केली आणि लाकडी म्यानात ठेवली. म्यान हलू नये, तलवार उसळून बाहेर पडू नये म्हणून मुठीतून वादी ओवून ती पुढे गुंडीला अडकवलेली असे. आणि लढाईखेरीज तलवार बाहेर काढायची नाही, हा त्यांचा दंडक. म्हणजे वार शिकवत नव्हते हे खरं, पण तलवार आत कशी असावी याचा विचार पक्का होता. म्हाताऱ्याने सांगितलं ते धारेबद्दल. धार कुठे राहिली होती? म्यानात. आपल्या जुन्या म्यानांचं काम पाहिलंत तर हेच दिसेल. दोन लाकडी फळ्या आतून कोरून जोडलेल्या, वर कातडं किंवा मखमल, तोंडाशी मुहनाळ, टोकाला तहनाळ. जपानी म्यान, म्हणजे साया, होनोकीच्या मऊ लाकडाचं, तेही दोन फळ्यांचंच. दोन देशांतल्या कारागिरांनी एकमेकांना न विचारता काढलेलं उत्तर एकच आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, की आपल्या तालमींत हे का शिकवलं गेलं नाही. मी यावर बराच विचार केला आहे. इतिहासकाराने तपासावा असा माझा एक तर्क आहे. जपानमध्ये 1876 साली हुकूम निघाला आणि सामुराईंच्या कमरेची तलवार उतरली. आपल्याकडे 1878 साली व्हाइसरॉय लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा आला. फक्त दोन वर्षांचं अंतर. पण फरक मोठा आहे. तिथे स्वतःच्या सरकारने रस्त्यावर तलवार बाळगायला बंदी केली. घरात, आखाड्यात ती राहिली, आणि म्हणून ती कमरेला लावणं, उपसणं, परत ठेवणं हा सगळा क्रम शिक्षणात टिकला. इथे परक्या सरकारने हत्यारच हातातून घेतलं. मग तालमींनी काय केलं? तलवारीच्या जागी गदका धरला. कातडं चढवलेली काठी आणि छोटी फरी. वार, तोड, पवित्रा, घाई, सगळं त्या काठीवर जिवंत ठेवलं, त्याबद्दल त्या वस्तादांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. बडोद्याच्या दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले, अमरावतीला 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं, म्हणून आज आपल्या हातात एवढं तरी आहे. पण काठीला म्यान नसतं. ज्या हत्याराला म्यानच नाही, त्यावर म्यान करणं कोण शिकवणार? वस्तादांना ते नकोसं वाटलं असं मी म्हणणार नाही. सरावाच्या हत्याराने तो धडा गिळला.

चिकित्सक : हा तर्क मला आवडला. अगदी मनापासून सांगतो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण तर्क तो तर्कच. 1878 च्या आधी तो धडा होता, याचा पुरावा तुझ्याकडे नाही. आणि मला वाटतं, नसण्याचं आणखी एक कारण आहे, तेही आपल्या मातीतलं. खंडेनवमीला शस्त्रं पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडू वाहायचे. दुसऱ्या दिवशी दसरा, सीमोल्लंघन, मोहिमेला निघायचं. तलवार बाहेर काढण्याचा दिवस पंचांगात पक्का आहे. परत ठेवण्याचा दिवस मात्र पंचांगात नाही. का नाही? कारण तो पाऊस ठरवत असे. मृगाच्या आत फौजा घरी यायच्या, नद्या भरायच्या, वाटा बंद व्हायच्या, स्वार नांगराला हात घालायचा. चार महिने छावणी. तलवार म्यान करायला मराठ्याला कुणी मन शिकवायची गरज नव्हती, ढग आले की ती म्यान व्हायची. जपानी माणसाने जे आतून आणायचा यत्न केला ते इथे आभाळ करून देत होतं. कदाचित म्हणूनच आपण ती गोष्ट मनावर घेतली नाही.

खेळाडू : आणि मग ज्या युद्धाला पावसाळा नाही, तिथे आपण अडलो.

चिकित्सक : हो. नगरच्या किल्ल्यावर 1803 साली इंग्रज सेनापती वेलस्ली चालून आला तो ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात. चार दिवसांत किल्ला गेला. पण तिथे तलवारीचा प्रश्नच नव्हता, तोफांनी निकाल लावला. तलवार त्याआधीच मागे पडली होती. जामखेड तालुक्यातली खर्ड्याची लढाई घे, 11 मार्च 1795, निजामाविरुद्धची. पेशव्यांच्या बाजूने शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन, सगळे एकत्र आले ती शेवटची वेळ. तिथेही शिंद्यांकडे पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याची कवायती पलटण, निजामाकडे रेमाँ या दुसऱ्या फ्रेंचाची. तोफा, बंदुका आणि रात्रीची घबराट. निजाम खर्ड्याच्या गढीत कोंडला गेला आणि तहाला आला. हे तुला अशासाठी सांगतो की तलवारीभोवती तत्त्वज्ञान विणताना आपण एक गोष्ट विसरतो. ती निर्णायक हत्यार राहिलीच नव्हती. उरली ती प्रतिष्ठा. आणि नुसत्या प्रतिष्ठेचं हत्यार माणसं काय करतात ते आज रोज पेपरात वाचतो. वाढदिवसाचा केक तलवारीने कापला, चित्रफीत टाकली, पोलिसांनी हत्यार कायदा कलम 4/25 खाली गुन्हा नोंदवला. सण आले की जिल्हाधिकाऱ्यांचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम 37 खाली शस्त्रबंदीचा आदेश निघतो, त्यात तलवारी आणि भाले असतातच. मिरवणुकीत तलवार नाचवणाऱ्या पोराला तू म्यान करण्याचं सौंदर्य सांगायला गेलीस, तर तो तुझ्याकडून सौंदर्य घेईल आणि तलवार हातातच ठेवेल. माझी खरी भीती ही आहे. कोणत्याही हत्याराला सुंदर तत्त्वज्ञान दिलं की त्याची भीड चेपते.

खेळाडू : ही भीती मला उडवून लावता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या पालकांनाही ती असते, आणि असावी. पण केक कापणारा तो पोरगा नीट पाहा. त्याच्या चित्रफितीत तलवार आधीपासून बाहेर असते. ती कुठून आली ते दिसत नाही, कुठे जाते ते दिसत नाही. म्यान कुठेतरी बाजूला पडलेलं असतं किंवा नसतंच. त्याला तलवारीचा मधला एक तुकडाच माहीत आहे. आमच्या मिरवणुकीतल्या प्रात्यक्षिकातही दुर्दैवाने तसंच होतं. टाळ्या पट्ट्याला पडतात, लिंबू कापल्यावर पडतात. तलवार बाजूला ठेवताना बघणाऱ्याचं लक्ष पुढच्या खेळाकडे गेलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर खेळणाऱ्याचंही. मुलं तलवार जमिनीवर टाकतात, मित्राच्या हातात उलटी देतात, पातं पायाखाली येतं. मी पाहिलेले बहुतेक अपघात खेळ चालू असताना झाले नाहीत, खेळ संपला असं वाटल्यावर झाले. जपानी शिक्षक ज्याला झानशिन म्हणतात ते मला हवं आहे. काम झाल्यावरही लक्ष तिथेच राहणं. कोणतंही तत्त्वज्ञान न सांगता ते देता येईल. मुलाच्या हातात लाकडी तलवार द्यायची, कमरेला म्यान द्यायचं, आणि म्यान केल्याशिवाय खेळ पुरा झाला असं धरायचं नाही. गुण द्यायचे तर शेवटच्या वीतभर जागेला द्यायचे.

चिकित्सक : एवढंच असेल तर माझा विरोध नाही. पण तू एवढ्यावर थांबत नाहीस. मागे तू चांदबिबीचं नाव काढलं होतंस.

खेळाडू : काढलं होतं, आणि पुन्हा काढते. 1595 च्या अखेरीस मुघल शहजादा मुराद नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. सुरुंगाने तट फुटला. चांदबिबी हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट बांधून काढला, ही गोष्ट इथल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. तिचं चित्र काढायला सांगितलं तर हातात उपसलेली तलवार असते. पण पुढे काय झालं? 1596 मध्ये तिने वऱ्हाड देऊन तह केला आणि शहर वाचवलं. 1600 मध्ये पुन्हा वेढा पडला, या वेळी शहजादा दानियालचा. आतले सरदार एकमेकांत भांडत होते, लढणं शक्य नाही हे तिला दिसत होतं, आणि तिने बोलणी करून किल्ला द्यायचा विचार मांडला. इतिहासकार फरिश्ता लिहितो त्याप्रमाणे, ही फितूर झाली अशी आवई किल्ल्यात उठली आणि तिच्याच लोकांनी तिला मारलं. मुघलांनी तिला मारलं नाही, सर. खिंडारात उभी असताना तिच्या केसाला धक्का लागला नाही. ती गेली हत्यार खाली ठेवायची गोष्ट काढल्यावर. मला नोतोचं टोक बेचक्यापाशी येतं तेव्हा प्रत्येक वेळी हे आठवतं.

चिकित्सक : आता मला तुला अडवलंच पाहिजे, कारण तू दोन वेगळ्या गोष्टी एका दोरीत ओवते आहेस. काताना म्यान करणाऱ्यासमोर शत्रू पडलेला असतो. निकाल लागलेला असतो आणि तो त्याच्या बाजूने लागलेला असतो. बारा प्रकार म्हणालीस ना? त्यांत एक तरी असा आहे का, ज्यात शत्रू समोर उभा आहे, जिवंत आहे, त्याच्या हातात तलवार आहे आणि तरी तू म्यान करतेस? चांदबिबीसमोर दानियाल उभा होता. तिचा शत्रू पडलेला नव्हता. जिंकल्यावर तलवार आत ठेवणं हा शिस्तीचा भाग आहे, तो तुला शिकवता येईल. न जिंकता आत ठेवणं याला हिंमत लागते, अक्कल लागते, आणि लोक आपल्यामागे आहेत की नाहीत याचा अंदाज लागतो. अंगठ्याच्या खाचेने यातलं काय शिकवशील? एकट्याने, कल्पनेतल्या मेलेल्या शत्रूसमोर केलेला सराव माणसाला उलट एक खोटी सवय लावेल, की म्यान करायचं ते सगळं आपल्या मनासारखं झाल्यावरच.

खेळाडू : … तसा प्रकार नाही. बाराही प्रकारांत शत्रू संपलेला असतो. जपानी परंपरेत एक आदर्श आहे, तलवार म्यानात असतानाच जिंकणं. पण तो न उपसण्याबद्दल आहे. उपसल्यावर, न मारता परत ठेवण्याबद्दल नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे.

चिकित्सक : मी हे तुला हरवायला म्हटलं नाही. मला वाटतं, तुझा प्रश्न माझ्या पहिल्या आक्षेपापेक्षा मोठा आहे. फक्त तो तू चुकीच्या ठिकाणी शोधते आहेस. एकट्याच्या सरावात तो सापडणार नाही.

खेळाडू : मग दोघांत शोधायला हवा. केंडोमध्ये चढाओढ संपली की दोघंही उकिडवे बसतात आणि इशाऱ्यावर एकदमच तलवारी परत नेतात. आपल्या खेळातही जोडी संपली की वस्ताद हाक देतो, दोघं थांबतात, सलामी होते. दोन्हीकडे एक तिसरा माणूस आहे. त्याच्या शब्दावर दोघंही विसंबतात, म्हणून कुणी आधी असा प्रश्नच उठत नाही. समजा तो तिसरा काढून टाकला. दोन मुलं समोरासमोर, हातात लाकडी तलवारी, कमरेला म्यान, आणि फक्त एवढं सांगितलं की दोघांनीही न मारता म्यान करायचं. इशारा नाही, मोजणी नाही. काय होईल?

चिकित्सक : कुणीच आधी करणार नाही.

खेळाडू : कारण टोक म्यानाच्या तोंडात उतरण्याच्या क्षणी तुम्ही पूर्ण उघडे असता. डावा हात गुंतलेला, उजवा हात गुंतलेला, पातं ना आत ना बाहेर. त्या क्षणी समोरच्याने वार केला तर तुमच्याकडे काही नाही. म्हणजे दोघांनाही एकमेकांकडे बघत, एकाच गतीने, सावकाश यावं लागेल. एक थांबला की दुसऱ्याने थांबायचं. आणि खाली बघायचं नाही हा नियम इथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने लागू पडेल, कारण समोर खरंच कुणीतरी आहे. सर, आता मला वाटतं की पडलेल्या शत्रूसमोर न बघता म्यान करण्याचा तो सगळा सराव याच्यासाठी लागतो. हाताला वाट पाठ असल्याशिवाय डोळे समोरच्यावर ठेवता येणार नाहीत. तुम्ही म्हणता तशी खोटी सवय लागू शकते, हे मान्य. पण हात तयार नसेल तर हिंमत असूनही माणूस नेमक्या त्या क्षणी खाली बघेल.

चिकित्सक : हात तयार असणं आवश्यक, पण पुरेसं नाही. इतपत आपलं जुळलं असं म्हणू. तरी तुझ्या त्या जोडीत मला एक भोक दिसतं. दोघांपैकी एकाला मुळातच म्यान करायचं नसेल तर? त्याने थोडं आत घातल्यासारखं दाखवलं, समोरच्याला अर्ध्यावर आणलं आणि मारलं. दहा-बारा वर्षांच्या मुलांत हे पहिल्याच दिवशी होईल. आणि मारणारा जिंकला म्हणून हसेल.

खेळाडू : होईल. मला खात्री आहे की होईल.

चिकित्सक : तेव्हा तू वस्ताद म्हणून मध्ये पडशील, त्याला बाजूला काढशील. म्हणजे तिसरा माणूस परत आला.

खेळाडू : मध्ये न पडता बघत राहिले तर?

चिकित्सक : तर ज्याला लागलं तो पुढच्या वेळी म्यान करणार नाही. आणि तो चूक आहे, असं तुला त्याला सांगता येणार नाही.

खेळाडू : हो, त्याला चूक म्हणता येणार नाही. पण मला दुसऱ्या मुलाचं जास्त कुतूहल आहे, ज्याने फसवून मारलं त्याचं. त्याच्याशी पुढच्या आठवड्यात जोडी करायला कोण तयार होईल? तालमीत जोडीदार नसेल तर खेळच नाही. हे मी न सांगता मुलांनी आपापसांत ठरवलं, तर तो तिसरा माणूस मी राहणार नाही, ती सगळी मुलं मिळून असतील. चांदबिबीच्या किल्ल्यात हेच नव्हतं, असं मला वाटतं.

चिकित्सक : किंवा हेच होतं. किल्ल्यातले लोकही आपापसांत ठरवूनच तिच्यावर चालून गेले होते. मुलांनी मिळून फसवणाऱ्यालाच बाजूला टाकलं तर तू म्हणतेस ते घडेल. पण आधी म्यान करणाऱ्याला भित्रा म्हणून हसायचं त्यांनी ठरवलं, तर? लाकडी तलवारी आणि म्यानं करायला टाक तू. मी शनिवारी येऊन बसतो. पण मला वार करणाऱ्याकडे बघायचं नाही, म्यान करणाऱ्याकडेही नाही. भोवती बसलेली पोरं कुणाला हसतात ते मला बघायचं आहे.